उतारावरची गाडी

वहिनींचा फोन सहसा मला येत नाही. आला तर तो आंब्याची पेटी कोणत्या एस. टी. ने पाठवली आहे एवढे सांगण्यापुरता; आणि तोही दादा शेजारी उभा राहून "आटप आता" असे खुणावत असताना. तेव्हा गेल्या एप्रिलच्या अखेरीस, भर दुपारी, मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात मान खुपसून बसलो असताना वहिनींचा फोन आला आणि त्या अगदी हळू आवाजात बोलू लागल्या, तेव्हाच काहीतरी बिनसले आहे हे मी ओळखले.

"भावजी, सुटी लागली की लगेच या. गाडीचं काहीतरी करा."

"कुठल्या गाडीचं?"

"आपल्या पिकअपचं. ब्रेक नीट लागत नाही. परवा खताची पोती भरून आणली. खळ्यात थांबवायची गाडी, ती गडग्यावर जाऊन थांबली. मी तिथंच आमसुलं वाळत घालत होते. ताट आणायला म्हणून आत गेले, म्हणून—"

पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

"दादा काय म्हणतो?"

"म्हणतात, जोर द्यावा लागतो एवढंच. तुम्ही या. तुमचं ऐकतील."

दादाने माझे ऐकल्याचे एकही उदाहरण मला आठवत नाही. तो माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी दहावीत होतो, आणि दादाने त्याच पावसाळ्यात आपले शिक्षण गुंडाळून बाग अंगावर घेतली. मला त्याने कोल्हापुरास ठेवून एम. ए. पर्यंत शिकवले. अशा माणसाला मी काय सांगणार? आणि तेही ब्रेकविषयी! माझे यंत्रविषयक ज्ञान म्हणजे स्कूटरला किक मारावी आणि ती सुरू न झाल्यास रिक्षा पाहावी इतकेच. नाही म्हणायला वहिनींचे एक वाक्य मात्र मनात घोळत राहिले. 'ब्रेक लागत नाही.' मराठीतले हे 'लागणे' मोठे विलक्षण आहे. भूक लागते, ठेच लागते, झाडाला आंबा लागतो, पोरीला उचकी लागते, एखाद्या दुधाची कढी पातेल्याला लागते. वर्गात हे क्रियापद मी अनेकदा फळ्यावर मांडले आहे. पण 'ब्रेक लागतो' हा त्याचा अर्थ मी कधी मांडला नव्हता. आणि तो न लागल्यास काय काय लागू शकते, याचाही विचार केला नव्हता.

साखरप्याजवळ आमचे गाव आहे. कोल्हापूरहून येणारा रस्ता आंबा घाट उतरला की हा मुलूख लागतो. मोठ्या रस्त्यावरून आत वळले की जांभ्या दगडाची एक चढण, आणि मग एकदम तीव्र उतार. त्या उताराच्या टोकाशी आमचे खळे. मी पोचलो तेव्हा खळ्याच्या कडेचा गडगा दोन हात लांब ढासळलेला होता आणि त्याचे दगड तसेच पडलेले होते. पलीकडे पिकअप उभी होती. २००८ सालची गाडी. हौद्याच्या फळ्या दोनदा बदललेल्या, रंग मूळचा पांढरा असावा असा तर्क करण्याजोगा. माझ्या लक्षात एवढेच आले की तिचा मागचा भाग जरा वर उचलल्यासारखा दिसतो. गावाकडच्या पुष्कळ गाड्या तशा दिसतात, म्हणून मी त्याचा अर्थ काही लावला नाही.

"बस आत, दाखवतो," दादा म्हणाला. त्याने गाडी रिकामीच वर नेली, उतारावर आणली आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली. अगदी सज्जनासारखी थांबली. "बघ! उगाच घाबरवून सोडलंय तुला." त्याचा पाय मात्र मी पाहिला. पेडलवर ठेवताना तो सीटच्या पाठीला रेटा देत होता आणि जबडा आवळत होता. ब्रेक दाबण्यापेक्षा एखादा ओंडका ढकलावा तसा.

ह्या गाडीवर खर्च थोडा झाला नव्हता. दोन वर्षांत पुढच्या चाकांची ब्रेकपॅडे तीनदा बदलली होती. शहरातल्या एका गॅरेजाने बूस्टर बिघडला आहे असे सांगून तो नवा बसवला होता आणि चांगली रक्कम घेतली होती. दर वेळी गाडी आठवडाभर बरी वागे, आणि मग पुन्हा मूळपदावर. दुखणे एक, आणि औषध दुसऱ्याच दुखण्याचे. मुळात नाडी कोणी पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बाजारपेठेत जाऊन एका मिस्त्रींना घेऊन आलो. साठीचे गृहस्थ, मूळचे घाटावरचे, लग्नाने कोकणात आलेले. त्यांनी येताच हत्यारांची पेटी उघडली नाही. ते पायरीवर बसले, चहा घेतला आणि दादाला प्रश्न विचारू लागले. पेडल दाबल्यावर टणक लागते की मऊ? दाबून धरले तर हळूहळू खाली जाते का? दोनतीनदा मारल्यावर वर येते का? गाडी एका बाजूला ओढते का? मला मोठी मौज वाटली. आम्ही कवितेचे रसग्रहण शिकवतो तेव्हा मुलांना हेच सांगतो, की आधी नीट वाच, मग मत दे. हे मिस्त्री पेडलचे रसग्रहण करीत होते.

त्या प्रश्नांमागचे शास्त्र त्यांनी मला फार सोपे करून सांगितले. पेडल स्पंजासारखे मऊ लागले तर नळीत हवा शिरलेली असते. कारण तेल दबत नाही, हवा दबते. पेडल पायाखाली सावकाश बसत गेले तर मास्टर सिलिंडरमधले रबर आतून तेल सोडते आहे असे समजावे. पहिल्यांदा खोल जाते पण दोनतीनदा मारल्यावर वर येते, तर मागचे लायनर आणि ड्रम यांत अंतर पडलेले. आणि पेडल दगडासारखे टणक असून गाडी थांबत नसेल तर बूस्टर तपासावा. त्याची परीक्षा तर कोणीही करावी: इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा मारायचे, ते कडक झाले की पाय तसाच दाबून धरायचा आणि इंजिन चालू करायचे. पेडल पायाखाली किंचित उतरले की बूस्टर जिवंत आहे. आमचे उतरले. म्हणजे बूस्टर चांगला होता. आणि जुनाही बहुधा चांगलाच असावा. दादाने ही परीक्षा पाहिली आणि एक दीर्घ उसासा टाकला. तो उसासा कितीला पडला होता हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

पायाचा एवढासा दाब चारही चाकांपर्यंत पोचतो तो तेलातून. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पसरतो, हा पास्कलचा सिद्धान्त. आम्हा साहित्यवाल्यांना पास्कल माहीत असतो तो माणसाच्या दुबळेपणावर चिंतन करणारा लेखक म्हणून. १६६२ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तो वारला. त्याची ती चिंतनिका तो गेल्यावर छापली गेली आणि द्रवांच्या दाबावरचा प्रबंधही तो गेल्यावरच. इतकी वर्षे त्याची पहिली बाजू मी आदराने उच्चारत आलो. आणि दुसरी बाजू आमच्या खळ्यात, खताच्या पोत्यांशेजारी, तेलकट हातांच्या एका माणसाकडून कळावी! असो.

"शेवटचा प्रश्न," मिस्त्री म्हणाले. "रिकाम्या गाडीला त्रास होतो की भरलेल्या?"

दादा गप्प झाला. "भरलेल्या," तो म्हणाला.

"आणि गॅरेजला नेता ती?"

"रिकामीच. माल घेऊन कोण गॅरेजला जातं?"

मिस्त्री उठले.

मागची चाके खोलायची ठरली. मी उत्साहाने जॅकखाली ठेवायला दोन चिरे घेऊन धावलो, तर मिस्त्रींनी मला अडवले. जांभ्याचा चिरा भिंतीत शंभर वर्षे उभा राहतो, पण टोकावर बोजा आला की अचानक फुटतो. गाडीखाली माणूस असताना त्याचा भरवसा धरू नये. त्यांनी लाकडाचे जाड ओंडके मागितले, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, हँडब्रेक सोडला आणि ड्रम ठोकून ठोकून सैल केला. तो निघाल्यावर आतली काळी पूड फुंकून टाकायला मी ओठांचा चंबू केला, तेव्हा दुसऱ्यांदा बोलणी खाल्ली. ती पूड छातीत जाऊ देऊ नये. ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या काळच्या लायनरांत तर अॅस्बेस्टॉस असे.

आत जे दिसले ते पाहून मला वाटले, चला, इथे तरी सगळे ठीक आहे. लायनर जाड, जवळजवळ नवे. दादाही म्हणाला, "पाच वर्षांपूर्वी घातले, अजून बघा कसे आहेत!"

"तेच तर दुखणं आहे," मिस्त्री म्हणाले. "पुढची पॅडं दोन वर्षांत तीनदा संपली आणि मागचे लायनर पाच वर्षांत झिजले नाहीत. म्हणजे मागची चाकं कामच करत नाहीत. सगळं ओझं पुढची दोघं ओढतात."

मला वाटते, त्या क्षणी त्यांचे लक्ष आम्हा भावांकडे मुळीच नव्हते.

डाव्या चाकातल्या सिलिंडरचा दट्ट्या गंजून जागच्या जागी धरला होता. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषून घेते. आणि कोकणात हवेत पाण्याला काय तोटा! पाणी शिरले की गंज चढतो, आणि दुसरे म्हणजे तेल लवकर उकळते. डॉट ३ ह्या जातीचे नवे तेल निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत टिकते. तेच पाणी प्यायलेले असले तर १४० पर्यंत खाली येऊ शकते. घाटात पुढची चाके तापतात, तेलाला उकळी फुटते, वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग पेडल थेट तळाला जाते. म्हणून हे तेल दर दोन वर्षांनी बदलावे असे म्हणतात. आमच्या गाडीतले चहाच्या रंगाचे झाले होते.

पण एक सिलिंडर धरला म्हणून दोन्ही चाके कशी बसतील? मिस्त्री गाडीखाली शिरले आणि थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. सदऱ्याची फिकीर न करता मीही आडवा झालो. मागच्या आसापासून वर सांगाड्यावरच्या एका लहानशा पेटीपर्यंत एक काडी गेलेली होती. "ही काडी गाडीचं वजन ओळखते, सर," ते म्हणाले. हौदा रिकामा असला की सांगाडा वर राहतो. मग ती पेटी मागच्या ब्रेकला तेलाचा दाब कमी देते. कारण रिकामे मागचे चाक हलके असते. त्याला पुरा ब्रेक दिला तर ते जाम होते आणि ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी फिरते. माल भरला की सांगाडा खाली बसतो, काडी सरकते आणि मागे जास्त दाब सुटतो. किती साधी युक्ती! वाकले की मदत मिळते.

"आणि हे बघा." त्यांनी बॅटरीचा झोत पाट्यांवर टाकला. मूळच्या पाट्यांबरोबर दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा वेगळ्या रंगाचा दिसत होता. "जादा पाटा घातलाय. दोन टन भरले तरी गाडी खाली बसत नाही. मग काडीला वाटतं, हौदा रिकामाच आहे."

इतकी वर्षे त्या गाडीने दुप्पट ओझे वाहिले होते आणि ओझे नाही असेच दाखवले होते. पासिंगला गाडी रिकामी नेतात, तेव्हा तिथेही कधी काही वावगे दिसले नसावे. पुढची चाके नवी होती तोवर निभावले. आता तेल जुने झाले, सिलिंडर धरला, आणि हिशेब चुकला.

"हे पाटे कधी घातले?" मिस्त्रींनी विचारले.

"झाली बरीच वर्षं," दादा म्हणाला.

"२०१२ साली," पडवीतून वहिनींचा आवाज आला. "भावजींनी पुण्यात घर घेतलं त्या वर्षी."

"तुला कुणी विचारलं?" दादा एकदम कडाडला. वहिनी आत गेल्या. मी गाडीखालून बाहेर आलो नाही. बाहेर येऊन कोणाच्या तोंडाकडे पाहावे हे मला कळेना.

त्या वर्षी दादाने मला चार लाख रुपये पाठवले होते. बाग चांगली धरली आहे, असे त्याने फोनवर सांगितले होते, आणि मी ते खरे मानले होते. खरे म्हणजे मी ते तपासून पाहिलेच नव्हते. बागेचे उत्पन्न वर्षाआड कसे हुलकावणी देते हे का मला ठाऊक नव्हते? पण बँकेचा हप्ता, फरशीचा रंग आणि स्वयंपाकघराची खिडकी ह्यांत मी गुंतलो होतो. तो चिरे, वाळू, सिमेंट, मिळेल ते भाडे घेत घाट चढत-उतरत होता.

रात्री जेवणे झाल्यावर मी म्हटले, "दादा, ते पैसे—"

"ती गोष्ट काढू नकोस," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पाटे काढले तर खेपेला सव्वा टनच नेता येईल. डिझेल दुप्पट. त्यापेक्षा ती काडीच वर बांधून टाकली तर? मागं कायमचा दाब राहील."

हा उपाय त्याने मिस्त्रींनाही सुचवला होता आणि ते साफ नाही म्हणाले होते. रिकाम्या गाडीने पावसात घाट उतरताना शेपटी दरीकडे गेली, तर जाब कोणी द्यायचा? मी तेच पुन्हा सांगितले. आमचा वाद झाला असे म्हणता येणार नाही, कारण दादा वाद घालतच नाही. तो फक्त कुशीवर वळतो.

पहाटे दगडांच्या आवाजाने जाग आली. दादा एकटाच ढासळलेला गडगा रचीत होता. वहिनींचे आमसुलांचे सूप तिथेच खांबाला टांगलेले होते. बराच वेळ तो एक दगड हातात धरून त्या जागेकडे पाहत उभा राहिला. मी चूळ भरून जवळ गेलो तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मिस्त्रींना फोन कर. म्हणावं, पाटे काढायचेत. मी दोन खेपा करीन."

त्या दिवशी काम झाले. जादा पाटे निघाले, ती काडी गाडीच्या पुस्तकातल्या मापाप्रमाणे बसवली, मागे दोन्ही बाजूंना नवे सिलिंडर आणि नवे लायनर घातले. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ओढते. मग 'एअर काढणे.' ह्या कामाला दोन माणसे लागतात, आणि पेडलवर बसण्याचा मान मला मिळाला. मिस्त्री सर्वांत लांबच्या चाकापाशी, मागे डावीकडे, निपलला पारदर्शक नळी जोडून बसले. नळीचे टोक तेल भरलेल्या बाटलीत.

"दाबा… सोडा… दाबा… सोडा… दाबा, आता धरा! सोडू नका हं!" ते निपल सैल करीत, माझा पाय जमिनीकडे जाई, बाटलीत बुडबुडे येत, निपल आवळून ते "सोडा" म्हणत तोवर पाय हलवायचा नाही. आधी हलला तर हवा पुन्हा आत. एकदा माझा हललाच. "सर," ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या मुलांनी मध्येच वर्ग सोडला तर चालेल का तुम्हाला?" दादा डब्यात तेल ओतत होता, तो हसला. दोन दिवसांत प्रथमच हसला. तेलाचे चार थेंब बॉनेटवर सांडले तर ते त्याने लगबगीने पाण्याने धुतले, कारण हे तेल रंग खाते. त्या गाडीच्या रंगाची एवढी काळजी पाहून मलाही हसू आले.

चार दिवसांनी आम्ही दोघे कोल्हापूरहून पेंडेची पोती घेऊन निघालो. मोजून सव्वा टन. आंब्याहून घाट सुरू होताना दादाने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नये, वेग इंजिनाने धरायचा आणि ब्रेक अधूनमधून नेमका मारायचा, हे मिस्त्रींनी बजावले होते. वेग दुप्पट झाला तर थांबायला अंतर चौपट लागते, हे मी आदल्या रात्री पुतण्याच्या पुस्तकात वाचले होते आणि दादाला तीनदा सांगितले होते. चौथ्यांदा तोंड उघडले तेव्हा तो म्हणाला, "प्राध्यापकसाहेब, दरी बघा."

दरी मी पाहिली नाही. मी त्याचा पाय पाहत होतो. तो सीटला रेटा देत नव्हता.

गायमुखापाशी त्याने गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले आणि एकेका चाकाजवळ जाऊन हाताची मागची बाजू नेली. पुढची दोन गरम होती. मग तो मागे गेला, वाकला, आणि तसाच थोडा वेळ राहिला.

"इकडे ये. हात लावून बघ. जपून, भाजेल."

मागचा ड्रम चांगला तापलेला होता. दुसऱ्या बाजूचाही तेवढाच. दादाने हात पंचाला पुसले, खिशातून फोन काढला आणि घरी लावला.

"निघालोय. तासाभरात येतो," तो म्हणाला. "खळ्यात काही वाळत घातलं असलंस तर राहू दे तिथंच."